समई आइंडहोव्हनहून म्युनिकला: युरोपच्या सामायिक बाजारात छोटा धंदा वाढवताना

आमचा धंदा लहान आहे. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला एक गाळा, त्यात पितळी समया, तांब्याची भांडी, चांदीची निरांजनं आणि दोन मांडण्या भरून मसाले. माल भारतातून येतो, रॉटरडॅमला उतरतो, आणि गिऱ्हाईक म्युनिकपासून लिस्बनपर्यंत पसरलेलं आहे. सुरुवातीला मला वाटायचं, युरोपीय संघ म्हणजे एकच बाजार, नेदरलँड्समध्ये नोंदणी झाली की सगळीकडे झाली. मग दुसऱ्या एका सदस्य देशातल्या कार्यालयाचं पत्र आलं: तुमची तांब्याची भांडी आमच्याकडे पुन्हा तपासून घ्या, तोवर विक्री थांबवा. मी घाबरून विक्री थांबवली, चांगली चार महिने. गणपती, दसरा, दिवाळी सगळं त्यात गेलं. नंतर कळलं की अशा पत्राला उत्तर द्यायची एक ठरलेली वाट आहे आणि कायदा बऱ्याच अंशी माझ्या बाजूचा आहे. ती वाट तुम्हाला आधीच माहीत असावी म्हणून हे लिहिते आहे.

मुंबईचे जकात नाके ज्यांनी पाहिलेत त्यांना हा विषय लवकर कळेल. आपल्या राज्यघटनेच्या कलम ३०१ मध्ये देशभर व्यापार मुक्त असेल असं लिहिलेलं आहे, तरी मुंबईत शिरणारा ट्रक १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत नाक्यावर थांबत होता. युरोपात नाके आधी गेले. १९५७ च्या रोम करारानंतर सदस्य देशांमधलं आपसातलं सीमाशुल्क १ जुलै १९६८ पर्यंत संपलं, आणि १ जानेवारी १९९३ पासून मालाची सीमेवरची नेहमीची तपासणीही उठली. आता ट्रक थांबत नाही. अडतं ते लेबलवर, चाचणीवर, शिक्क्यावर, परवान्यावर. म्हणजे देशोदेशीच्या नियमांवर. आणि या नियमांच्या वर एक कायदा आहे, जो त्या देशाच्या सरकारलाही बांधतो.

तो कायदा आपल्यासारख्या छोट्या दुकानदाराला वापरता येतो हे एका डच वाहतूक कंपनीमुळे ठरलं. व्हॅन गेंड एन लोस ही कंपनी पश्चिम जर्मनीतून एक रसायन आणत होती. त्यावरचं शुल्क ३ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेलं. कंपनी म्हणाली, करारात शुल्क वाढवायला मनाई आहे. सरकार म्हणालं, करार देशादेशांत झालाय, तुमचा काय संबंध? १९६३ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करारातून थेट नागरिकांना आणि धंद्यांना हक्क मिळतात, आणि ते देशातल्या न्यायालयात मागता येतात. पुढच्याच वर्षी, एका इटालियन गृहस्थाच्या क्षुल्लक वीजबिलावरून निघालेल्या कोस्टा खटल्यात, देशाचा कायदा आणि युरोपीय कायदा भिडले तर युरोपीय कायदा वरचढ, हेही ठरलं. पुढची प्रत्येक पायरी या दोन निकालांवर उभी आहे.

## १. आधी बघा, स्वातंत्र्य कोणाच्या नावावर आहे

आपल्या लोकांची सगळ्यात जास्त गफलत इथे होते, म्हणून इथे थोडं थांबते.

युरोपीय कायदा वस्तू, सेवा, माणसं आणि भांडवल यांच्या मुक्त वावराची हमी देतो. पण प्रत्येक स्वातंत्र्याचा मालक वेगळा आहे.

वस्तूंच्या बाबतीत पासपोर्टचा प्रश्नच येत नाही. जालन्यात किंवा मुरादाबादेत घडलेली समई रॉटरडॅमला सीमाशुल्क आणि आयातीचा कर भरून एकदा आत आली की ती 'मुक्त वावरातली' वस्तू होते. तिच्यावर दुसऱ्या सदस्य देशाला पुन्हा सीमाशुल्क लावता येत नाही. मालक भारतीय आहे की डच, याने फरक पडत नाही.

भांडवलाचंही तसंच. टीएफईयू या संघाच्या मूळ करारातलं (रोम कराराचं आजचं रूप; पुढची कलमंही त्यातलीच) कलम ६३ बाहेरच्या देशांतून येणाऱ्या पैशालाही लागू आहे. सांगलीहून सासऱ्यांनी तुमच्या कंपनीत पैसे घातले तर इथला कायदा सहसा आड येत नाही. भारताच्या बाजूने मात्र रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे, माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर, आणि कंपनीतल्या गुंतवणुकीचे वेगळे अर्ज आहेत.

दुसऱ्या देशात दुकान थाटण्याचं स्वातंत्र्य (कलम ४९) आणि सीमापार सेवा देण्याचं स्वातंत्र्य (कलम ५६) मात्र सदस्य देशांच्या नागरिकांना आहे. भारतीय पासपोर्टवर, नेदरलँड्सच्या निवास परवान्यावर राहणारी व्यक्ती त्यांत बसत नाही. मी बसत नव्हते.

पण कलम ५४ म्हणतं की सदस्य देशाच्या कायद्याखाली स्थापन झालेली आणि संघात कार्यालय असलेली कंपनी ही नागरिकासारखीच धरायची. तिच्या भागधारकांचं नागरिकत्व कलम विचारत नाही. म्हणजे तुम्ही युरोपीय नसाल, तुमची कंपनी युरोपीय असू शकते.

व्यवहारात याचा अर्थ असा. एकल मालकीचा धंदा असेल तर धंदा म्हणजे तुम्हीच, आणि हक्क तुमच्या पासपोर्टवर अवलंबून. बीव्ही, म्हणजे डच खाजगी मर्यादित कंपनी काढली तर हक्क कंपनीचा. ऑक्टोबर २०१२ पासून बीव्हीला एक सेंट भांडवलही पुरतं. नोटरीचा खर्च मात्र येतो, आणि हिशेब जास्त काटेकोर ठेवावे लागतात. फक्त वस्तू विकायच्या असतील तर एकल मालकीवर बरंच भागतं. बेल्जियममध्ये शाखा काढायची असेल किंवा जर्मनीत जाऊन सेवा द्यायची असेल तर कंपनी काढा, असं मी सांगेन.

इथले सापळे

- कंपनीला स्वातंत्र्य मिळालं म्हणून तुम्हाला दुसऱ्या देशात राहायचा हक्क मिळत नाही. शाखा कंपनीची, तिथे राहून ती चालवायला तुम्हाला त्या देशाचा परवाना लागेल.
- तुमच्या सध्याच्या निवास परवान्यावर स्वतंत्र धंद्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. नोकरीचा परवाना आणि धंद्याची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
- एस्टोनियाच्या ई-रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या सरकारच्या डिजिटल ओळखपत्रासाठी, पुण्यात बसून अर्ज करता येतो. कंपनी काढायला आणि कागद सही करायला ती उत्तम आहे. पण ती व्हिसा नाही, निवास परवाना नाही आणि कर कुठे भरायचा हेही ठरवत नाही. 'ई-रेसिडेन्सी आहे, आता युरोपात कुठेही काम करू' असं समजून पैसे गुंतवलेली दोन माणसं मला भेटली आहेत.

## २. नकाशा समोर ठेवा

युरोप, युरोपीय संघ, सामायिक बाजार आणि व्हॅटचा प्रदेश या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

संघात २७ देश. नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन हे एका वेगळ्या करारामुळे सामायिक बाजारात आहेत, पण सीमाशुल्क संघात आणि व्हॅटच्या व्यवस्थेत नाहीत. ऑस्लोला समई पाठवली की ती निर्यातच. स्वित्झर्लंड सामायिक बाजाराचा सदस्य नाही, त्याचे वेगळे करार आहेत. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला संघातून बाहेर पडलं आणि संक्रमणकाळ त्याच वर्षअखेर संपला. लंडनला कंपनी काढून युरोपात धंदा करण्याचा जुना सल्ला अजून फिरतो आहे. तो आता निरुपयोगी आहे.

आणखी एक. ही स्वातंत्र्यं सीमा ओलांडली तरच कामाला येतात. डच कंपनी, डच गिऱ्हाईक, डच नियम असा मामला असेल तर युरोपीय कायद्याचा दाखला देऊन सहसा उपयोग नाही. त्यामुळे कधीकधी परदेशी विक्रेत्याला सूट मिळते आणि स्थानिकाला मिळत नाही, असंही होतं. अन्याय्य वाटेल, पण कायदा तसा आहे.

## ३. प्रत्येक वस्तूसाठी एकच प्रश्न विचारा

नियम सगळ्या संघासाठी एकच केलेला आहे, की देशोदेशी वेगळा?

मी प्रत्येक मालाच्या यादीत यासाठी एक रकाना ठेवला आहे. 'एक' किंवा 'वेगळा'. या एका शब्दावरून पुढचं सगळं ठरतं.

'एक' असेल तर नियम पाळा, आणि मग दुसरा देश त्याच मुद्द्यावर त्याहून जास्त मागू शकत नाही. खाद्यपदार्थांचं लेबल हे त्याचं ठळक उदाहरण. २०११ चा ११६९ क्रमांकाचा नियम सगळीकडे लागू आहे: घटकांची यादी, १४ ठरावीक ॲलर्जी-घटक उठून दिसतील असे, आणि भाषा ज्या देशात विकता तिथल्या ग्राहकाला सहज कळेल अशी. आपल्या मसाल्यांत मोहरी असते, तीळ असतात. दोन्ही त्या १४ मध्ये आहेत. गोड्या मसाल्यात तीळ, लोणच्यात मोहरी. आपल्याला ते सांगण्यासारखं वाटत नाही, पण कायद्याला ते ठळक अक्षरांत हवं आहे. हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ असतं, तेही.

बाकी वस्तूंसाठी १३ डिसेंबर २०२४ पासून सर्वसाधारण उत्पादन सुरक्षेचा नवा नियम लागू झाला आहे. त्यात संघात पत्ता असलेली एक जबाबदार व्यक्ती किंवा कंपनी हवी. भारतातून थेट आणत असाल तर आयातदार म्हणून ती तुम्हीच. वस्तूवर किंवा खोक्यावर कारागिराचं किंवा कारखान्याचं नाव, पत्ता आणि ईमेल, शिवाय तुमचंही. ऑनलाइन विकताना हीच माहिती फोटोसोबत दिसली पाहिजे. समई बनवणाऱ्या कारागिराकडे ईमेल नव्हता, तो आधी काढून द्यावा लागला. दागिन्यांमधलं निकेल, शिसं आणि कॅडमियम यांच्या मर्यादाही संघभर एकच आहेत.

'एक' नियमाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. दार उघडलं तर सगळीकडे उघडतं, बंद झालं तर सगळीकडे बंद होतं. १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर, आणि सोबत वांगी, कारली, पडवळ व अळू यांच्यावर संघाने बंदी घातली, कारण पेट्यांत फळमाशी आणि इतर कीड सापडली होती. एका देशात माल अडला म्हणून दुसऱ्या बंदरात उतरवू, ही सोय नव्हती. हापूसचा तो हंगाम गेला. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. आजही भारतातल्या काही मसाल्यांवर वाढीव तपासणी आहे. ती यादी वेळोवेळी बदलते, म्हणून दर खेपेआधी २०१९ च्या १७९३ क्रमांकाच्या नियमाची ताजी परिशिष्टं उघडून बघा. तुमच्या मालाचा सीमाशुल्क कोड त्यात असेल तर बंदरावर नमुने घेतले जातील, आणि काही मालासाठी भारतातूनच चाचणीचा अहवाल व अधिकृत प्रमाणपत्र आणावं लागेल. खेप निघाल्यावर हे कळून उपयोग नाही.

'वेगळा' असेल तर खरी गंमत सुरू होते, कारण इथे परस्पर मान्यतेचं तत्त्व येतं.

फ्रान्समधल्या दिजों शहराचं काळ्या मनुकांसारख्या बोरांचं एक गोड मद्य आहे, कासिस. त्यात १५ ते २० टक्के मद्यार्क. जर्मन कायदा म्हणायचा, फळांच्या अशा मद्यात किमान २५ टक्के हवा. आयातदाराला परवानगी नाकारली. सरकारचा युक्तिवाद असा की कमी मद्यार्काची दारू आली तर लोकांना सवय लागेल. १९७९ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला: फ्रान्समध्ये कायदेशीर विकली जाणारी वस्तू जर्मनीतही विकता आली पाहिजे, मद्यार्काचं प्रमाण लेबलवर छापा, ग्राहक ठरवेल. १९८७ मध्ये जर्मन बिअरचा १५१६ पासून चालत आलेला शुद्धतेचा नियमही परदेशी बिअर अडवायला वापरता येणार नाही, असं ठरलं. त्यांनी आपल्या बिअरला तो नियम लावावा, बेल्जियमच्या बिअरला 'बिअर' म्हणायला मनाई करू नये.

माझी तांब्याची भांडी याच वर्गात मोडत होती. अन्नाला लागणाऱ्या वस्तूंसाठी संघाचा एक चौकटीचा नियम आहे, २००४ चा १९३५. पण धातूंसाठी सविस्तर एकच नियम झालेला नाही, म्हणून देशोदेशी वेगळे निकष चालतात. मी नेदरलँड्सच्या नियमांप्रमाणे चाचणी करून तिथे विकत होते. तेवढ्यावर दुसऱ्या देशात विकण्याचा हक्क सुरू होतो.

हा हक्क वापरायला २०१९ च्या ५१५ क्रमांकाच्या नियमाने एक साधा कागद दिला आहे, परस्पर मान्यतेचं घोषणापत्र. १९ एप्रिल २०२० पासून तो लागू आहे आणि त्याचा साचा नियमाच्या परिशिष्टातच आहे. त्यात लिहायचं: वस्तू कोणती, कोणत्या देशात कायदेशीर विकली जाते, तिथल्या कोणत्या नियमाप्रमाणे, आणि कधीपासून. जोडीला चाचणीचा अहवाल आणि त्या देशातल्या विक्रीची बिलं. खाली तुमची सही. हे घोषणापत्र ऐच्छिक आहे, पण दिलं की अधिकाऱ्याला तेवढ्यावरच समाधान मानावं लागतं, दुसरे पुरावे मागता येत नाहीत. वस्तू का नको हे दाखवायची जबाबदारी त्याच्यावर जाते.

म्हणून माझी विनवणी आहे: हा कागद पत्र आल्यावर तयार करायला बसू नका. पहिली वस्तू परदेशी पाठवायच्या आधी तयार ठेवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

चांदीच्या बाबतीत दिशेला महत्त्व आहे. नेदरलँड्समध्ये ८ ग्रॅमहून जड चांदीच्या आणि १ ग्रॅमहून जड सोन्याच्या वस्तूला स्वतंत्र संस्थेचा शिक्का सक्तीचा आहे. हौटविपर नावाच्या डच खटल्यात १९९४ मध्ये न्यायालय म्हणालं की दुसऱ्या सदस्य देशात स्वतंत्र संस्थेने मारलेला, तेवढीच माहिती देणारा आणि ग्राहकाला कळणारा शिक्का असेल तर पुन्हा शिक्का मागता येणार नाही. पण ज्या देशात कारागीर स्वतःच शुद्धता छापतो तिथून माल आणलात तर नेदरलँड्स नवा शिक्का मागू शकतं. भारतातलं हॉलमार्क सदस्य देशाचं नसल्यामुळे या निकालाचा आधार त्याला मिळत नाही. मी निरांजनं इथे उतरल्यावर डच शिक्का मारून घेते. नगामागे खर्च येतो, पण मग पुढची दारं सोपी होतात.

परस्पर मान्यता सर्वशक्तिमान नाही. करारातलं कलम ३६ आरोग्य, सार्वजनिक सुरक्षा अशा कारणांसाठी देशाला बंदी घालू देतं, फक्त कारण खरं हवं आणि बंदी गरजेपेक्षा जास्त नको. अश्वगंधा घ्या. काही सदस्य देशांत तिच्या कॅप्सूल दुकानात मिळतात, डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. आयुर्वेदाचा माल विकणाऱ्यांनी तर प्रत्येक वनस्पती प्रत्येक देशासाठी वेगळी तपासावी. शिवाय 'ताण घटवते', 'प्रतिकारशक्ती वाढवते' अशी आरोग्याची वाक्यं लेबलवर संघाने मान्य केल्याशिवाय छापता येत नाहीत. इथे माझा सल्ला सरळ आहे: पहिल्या दोन वर्षांत या वाटेला जाऊ नका.

## ४. सेवा देणार असाल तर

आयटी, नृत्याचे वर्ग, केटरिंग, भाषांतर, लेखापाल. यात आपली बरीच मंडळी आहेत.

पहिला प्रश्न: अधूनमधून जाऊन सेवा देणार, की तिथे कायमचं बस्तान? अधूनमधून असेल तर तुमच्यावर मुख्यतः तुमच्या देशाचे नियम. बस्तान असेल तर तिथली नोंदणी आलीच. किती वेळा म्हणजे अधूनमधून याचा आकडा कायद्यात नाही. मुदत, वारंवारता, नियमितपणा बघतात. तिथे छोटं ऑफिस भाड्याने घेतलं म्हणून लगेच बस्तान ठरत नाही.

२००६ च्या सेवा डायरेक्टिव्हमुळे, म्हणजे संघाने सदस्य देशांना दिलेल्या निर्देशामुळे, प्रत्येक देशाला एक खिडकी उघडावी लागली आहे, जिथे सेवेसाठी लागणाऱ्या परवानग्या ऑनलाइन मिळतात. 'युअर युरोप' या अधिकृत संकेतस्थळावरून तिथे पोहोचा. दलालाला पैसे देऊन हेच काम करून घेणारे लोक मी पाहिलेत.

एखादी अट तुमच्यावर लादली गेली तर चार कसोट्या लावा. १९९५ च्या गेबहार्ड निकालातून त्या आल्या: अट सगळ्यांना सारखी लागू आहे का, तिच्यामागे लोकहिताचं भक्कम कारण आहे का, त्या अटीने ते हित खरंच साधतं का, आणि ती गरजेपेक्षा जास्त तर नाही ना. एका कसोटीतही नापास झाली तर तुमच्या पत्रात तोच मुद्दा लिहा.

शाखेबद्दल १९९९ चा सेंट्रोस निकाल माहीत असू द्या. एका डॅनिश जोडप्याने २,००,००० क्रोनर किमान भांडवलाची अट टाळायला, तेव्हा संघात असलेल्या ब्रिटनमध्ये कंपनी काढली आणि डेन्मार्कमध्ये तिची शाखा नोंदवायला मागितली. तिथल्या कार्यालयाने नकार दिला. न्यायालय म्हणालं, सोयीचा देश निवडणं हाच तर या स्वातंत्र्याचा भाग आहे, तेवढ्यावरून त्याला गैरवापर म्हणता येणार नाही.

कंपनीत भारतीय कर्मचारी असतील आणि त्यांना दुसऱ्या देशात कामाला पाठवायचं असेल तर वांडर एल्स्ट हे नाव लिहून ठेवा. ब्रुसेल्सच्या या कंपनीने फ्रान्समधल्या रॅन्सला आपले मोरोक्कन कामगार नेले, फ्रान्सने प्रत्येकाचा वेगळा कामाचा परवाना मागितला, आणि १९९४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की बेल्जियममध्ये कायदेशीर, नियमित नोकरीला असलेल्यांसाठी तो मागता येणार नाही. तरीही प्रवेशाचे कागद लागतात. जर्मनीत तर त्या व्हिसाचं नावच वांडर एल्स्ट व्हिसा आहे. शिवाय काम सुरू होण्याआधी त्या देशाला पूर्वसूचना, आणि सामाजिक विम्याचं ए-वन प्रमाणपत्र. तपासणीला आलेला माणूस हे दोन कागद आधी मागतो.

## ५. व्हॅट आणि वेष्टन

बाजार एक असला तरी व्हॅटचे दर एक नाहीत. नेदरलँड्स २१ टक्के, जर्मनी १९, लक्झेंबर्ग १७, हंगेरी २७.

- इतर सदस्य देशांतल्या घरगुती ग्राहकांना सगळी मिळून वर्षाला १०,००० युरोपर्यंतची विक्री असेल आणि तुम्ही एकाच देशात असाल तर आपल्याच देशाचा व्हॅट लावता येतो. ही मर्यादा सगळ्या देशांची मिळून आहे. प्रत्येक देशाला १०,००० असं समजून बसणारे बरेच आहेत.
- ती ओलांडली की गिऱ्हाइकाच्या देशाचा दर. त्यासाठी १ जुलै २०२१ पासून ओएसएस ही एक खिडकी आहे: आपल्या देशात नोंदणी, तीन महिन्यांतून एक विवरणपत्र, एकच भरणा. नोंदी १० वर्षं जपा.
- मोठा सापळा: माल दुसऱ्या देशातल्या गोदामात ठेवलात, म्हणजे एखाद्या मोठ्या ऑनलाइन बाजाराच्या साठवण सेवेत, तर त्या देशात वेगळी व्हॅट नोंदणी लागते. ओएसएस तिथे पुरत नाही. 'माल कुठे ठेवायचा ते आम्ही बघू' असा पर्याय पडद्यावर दिसला तर तो बंद ठेवा.
- धंदेवाइकाला विकताना त्याचा व्हॅट क्रमांक व्हीआयईएस या संघाच्या ऑनलाइन यंत्रणेत तपासा आणि त्या दिवसाची छापील प्रत ठेवा.
- जानेवारी २०२५ पासून छोट्या धंद्यांची व्हॅट-माफी दुसऱ्या सदस्य देशातही घेता येते, संघभरची उलाढाल १,००,००० युरोपेक्षा जास्त नसेल आणि त्या देशाची मर्यादाही पाळली तर. अर्ज आपल्याच देशात. खरेदीवरचा व्हॅट मात्र परत मिळत नाही.
- भारतातून आणताना ईओआरआय क्रमांक, म्हणजे सीमाशुल्कासाठीचा धंद्याचा नोंदणी क्रमांक लागतो. नेदरलँड्समध्ये 'आर्टिकल २३' परवाना काढा. त्यामुळे आयातीचा व्हॅट बंदरावर रोख न भरता विवरणपत्रात दाखवता येतो. खेळत्या भांडवलावरचा ताण केवढा तरी हलका होतो.

वेष्टनाचे कायदे आजही देशोदेशी वेगळे जाणवतात. जर्मनीला पहिलं पार्सल जाण्याआधी ल्युसिड या नोंदवहीत नाव घालावं लागतं आणि पुनर्वापर यंत्रणेशी करार करावा लागतो. एक पार्सल असलं तरी.

विक्रीच्या अटींत १४ दिवसांत परत करण्याचा हक्क लिहा. तयार मसुदे उतरवून घेत असाल तर त्यांतला संघाच्या ऑनलाइन तक्रार-निवारण मंचाचा दुवा काढून टाका. तो मंच २० जुलै २०२५ ला बंद झाला.

## ६. ही फाइल तयार ठेवा

- कंपनीचा नोंदणी उतारा, व्हॅट क्रमांक, ईओआरआय
- निवास परवान्याची दोन्ही बाजूंची प्रत
- मालाची यादी: सीमाशुल्क कोड आणि 'एक/वेगळा' रकाना
- आयातीची कागदपत्रं, म्हणजे माल मुक्त वावरात आल्याचा पुरावा
- चाचणी अहवाल आणि उत्पादन सुरक्षेची तांत्रिक फाइल
- परस्पर मान्यतेची घोषणापत्रं, ज्या देशांत विकता तिथल्या भाषेत
- आपल्या देशातली पहिली दोन-चार बिलं (कायदेशीर विक्रीचा पुरावा हाच)
- अन्न असेल तर खाद्य व्यवसायाची नोंदणी आणि लेबलांचे मसुदे
- सेवा असेल तर ए-वन आणि पूर्वसूचनेच्या पावत्या

## ७. अडवलं तर

फोनवर वाद घालू नका. नकार लेखी मागा, कारणांसह आणि दाद कुठे मागायची त्यासह. २०१९ च्या ५१५ क्रमांकाच्या नियमाखाली हे द्यावंच लागतं. घोषणापत्र दिलेलं नसेल आणि अधिकाऱ्याने माहिती मागितली तर उत्तराला किमान १५ कामाचे दिवस मिळतात. आणि तपासणी चालू असताना, तात्पुरत्या स्थगितीचा रीतसर आदेश नसेल तर, वस्तू विकता येते. हेच मला माहीत नव्हतं.

मग सॉलव्हिट. २००२ पासून चालू असलेली ही फुकट सेवा प्रत्येक सदस्य देशात आहे. तुम्ही आपल्या देशाच्या केंद्राला लिहायचं, ते समोरच्या देशाच्या केंद्राशी बोलतं, आणि १० आठवड्यांत तोडगा काढायचा प्रयत्न होतो. अट इतकीच की तक्रार सरकारी कार्यालयाविरुद्ध हवी, सीमापार हवी, आणि प्रकरण न्यायालयात गेलेलं नसावं. पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध सॉलव्हिट नाही.

सॉलव्हिटमुळे अपिलाची मुदत थांबत नाही, हे नीट लक्षात घ्या. नेदरलँड्समध्ये हरकत नोंदवायला सहा आठवडे, जर्मनीत साधारण एक महिना. आधी साधी हरकत दाखल करा, मग सॉलव्हिटची वाट बघा.

युरोपीय न्यायालय लक्झेंबर्गला आहे, आणि तिथे आपल्याला सहसा थेट जाता येत नाही. देशातल्या न्यायालयात मुद्दा मांडायचा, आणि युरोपीय कायद्याचा अर्थ स्पष्ट नसेल तर तिथले न्यायाधीश कलम २६७ खाली लक्झेंबर्गला प्रश्न पाठवतात. वर सांगितलेले निकाल बहुतेक असेच आले आहेत. त्यासाठी वकील लागेल, वर्षं लागतील. बहुतेक छोट्या धंद्यांचं काम त्याआधीच, एका नीट लिहिलेल्या पत्रावर होतं.

माझं पत्र पानभराचं होतं. पहिल्या परिच्छेदात वस्तू आणि तिचा कोड. दुसऱ्यात, ती नेदरलँड्समध्ये कधीपासून आणि कोणत्या नियमाखाली विकली जाते. तिसऱ्यात, २०१९ च्या ५१५ क्रमांकाच्या नियमाचा हवाला आणि सोबत घोषणापत्र. चौथ्यात एकच प्रश्न: आमच्या चाचणीत न दिसलेला कोणता धोका तुम्हाला दिसतो, ते लेखी कळवावं. शेवटी, आदेश नसल्यामुळे विक्री पुन्हा सुरू करत आहोत, हे तारखेसह. भाषा त्या देशाची, सोबत इंग्रजी प्रत.

सात आठवड्यांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. पुन्हा तपासणीची मागणी मागे घेतली होती. तोवर संक्रांत आली होती, आणि तिळाच्या पाकिटांबरोबर पहिले बारा तांबे रवाना झाले.